हललेला टॅग

“साहेब, टॅग हललाय.”

सबनीसनं तोंडातला घास आधी गिळला, मग कटवड्याच्या रश्श्यात चमचा फिरवत विचारलं, “कुठला टॅग?”

“स्टेबलचा.”

“मग चिकटव की परत. डिंक देऊ का आणून?”

आणि स्वतःच हसला. स्वतःच्या विनोदाला स्वतः हसायची त्याला सवयच होती, कारण दुसरं कोणी हसत नसे. मी त्याच्या टेबलासमोर उभी, रागानं कानशिलं तापलेली, आणि हा गडी निवांत पाव कुस्करतोय.

“तुम्ही हलवलात का, साहेब?”

“मी?” त्यानं रुमालाला बोटं पुसली. “हे बघ उत्तरा, मला एवढंच सांग, लिफ्ट बोलतेय ना? बोलत असेल तर तुमचा टॅग इकडं असू दे नाहीतर तिकडं असू दे, मला काय फरक पडतो?”

उडवाउडवी करतोय, म्हणजे ह्यानंच हलवला, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

निनाद सबनीस म्हणजे आमच्या मालकांच्या साडूचा मुलगा. एवढी एकच पदवी त्याच्यापाशी होती, आणि आमच्या कंपनीत तेवढी पुरायची. आधी पुण्यात पाण्याचे फिल्टर विकायचा. तिथं काही जमलं नाही, म्हणून मालकांनी कोल्हापूरला आणून लिफ्टा विकायला बसवला, आणि विकता विकता तो लिफ्टा बनवणाऱ्यांच्या डोक्यावर साहेब होऊन बसला. कॉम्प्युटर त्याला ईमेलपुरता यायचा. तोही ईमेल करून झाला की फोन करून विचारायचा, “मिळाला का?” आम्ही मागं त्याला कटवडा म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं, आणि ते कामगारांपासून बाहेरगावच्या तंत्रज्ञांपर्यंत सगळीकडं पोचलं याचा मला फार आनंद होता.

ही गोष्ट होऊन आता बरीच वर्षं झाली. मीही पुढं तीन कंपन्या बघितल्या, प्रत्येकीत एकेक सबनीस बघितला. पण त्या दिवसाची चीड काही गेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

आमचं ‘ऊर्ध्वगती एलिव्हेटर्स’ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत होतं. लिफ्टला मेंदू असतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं, बटण दाबलं की दोर ओढला जातो. तो मेंदू म्हणजे एक प्रोग्रॅम, आणि तो आम्ही लिहायचो. लिहिताना त्यात रोज काहीतरी बदलतं. प्रत्येक बदलाची निराळी प्रत जपून ठेवणारी व्यवस्था आमच्याकडं होती. हवी ती जुनी प्रत हवी तेव्हा काढता यायची. त्या ढीगभर प्रतींपैकी एकीवर, फक्त एकीवर, ‘स्टेबल’ अशी चिठ्ठी असायची. तोच टॅग. अर्थ सरळ होता: हिच्यावर भरवसा ठेवा, ही माणसं न्यायच्या लायकीची झालीय. आमचे तंत्रज्ञ गावोगावी लिफ्टा बसवायला जायचे. तिथं लॅपटॉप लावायचा, चिठ्ठी जिच्यावर असेल ती प्रत उतरवून घ्यायची, लिफ्टमध्ये चढवायची. आत काय लिहिलंय ते बघणं त्यांचं काम नव्हतं. चिठ्ठी दिसली की विषय संपला.

ती चिठ्ठी लावायचा मान हेर्लेकर सरांचा. अनंत हेर्लेकर कंपनीतले सगळ्यांत जुने इंजिनिअर. त्यांनी घालून दिलेली एक रीत होती, तशी मी पुढं कुठंच बघितली नाही. आमच्या आवारात पाच मजली उंचीचा लोखंडी मनोरा होता आणि त्यात चाचणीची लिफ्ट. नवी प्रत तयार झाली की सर त्या लिफ्टमध्ये प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायचे, मांडीवर पेपर, शेजारी जेवणाचा डबा. आम्ही खालून मेन स्विच पाडायचो, जनरेटर चालू करायचो, परत पाडायचो. सर दिवसभर वर आणि खाली. “ज्यानं चिठ्ठी लावायची त्यानं आधी आत बसायचं,” असा त्यांचा नियम. दुसऱ्याच्या जिवावर स्टेबल म्हणायला अक्कल लागत नाही, म्हणायचे. आणि नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला बजावायचे, “एकदा लावलेला स्टेबल हलवायचा म्हणजे देव्हाऱ्यातला देव हलवायचा. उगीच हात लावायचा नाही.”

मी त्यांची चेली. अख्ख्या कंपनीत मला एका माणसाविषयी आदर होता तो त्यांच्याविषयी. बाकी सगळा आनंदीआनंद होता. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, निरोपाची शालसुद्धा आणून ठेवलेली होती, आणि पुढं चिठ्ठी कोण लावणार या काळजीनं मला घास गोड लागत नव्हता.

त्यात गडहिंग्लजचं काम आलं. तिथल्या एका ट्रस्टनं दवाखान्याची नवी इमारत बांधली होती. ट्रस्टच्या अध्यक्षांनी मुंबईत कुठंतरी बोलणारी लिफ्ट बघितली आणि तसली आपल्याकडंही पाहिजे म्हणून हट्ट धरला. सबनीसनं आम्हाला न विचारता छातीवर हात मारून हो म्हटलं. आवाजही घरचाच मिळवला, मेहुणीचा. “आपले स्वागत असो. पहिला मजला. महिला व प्रसूती विभाग.” मजला म्हणताना बाई असा काही हेल काढायच्या की प्रसूतीला आलेली बाई लाजून परत जावी.

बोलणारी प्रत आम्ही घाईघाईत तयार केली. आदल्या दिवशी मनोऱ्यावर लावली. सर स्टुलावर बसले, मी त्यांच्याबरोबर आत, खालच्या माणसानं मेन पाडला आणि जनरेटर चालू केला. लिफ्ट मजल्यावर उभी, दार सताड उघडं, आणि त्या उघड्या दारानिशी ती हातभर खाली सरकली. मग खटका बसून थांबली. सरांचं स्टूल कलंडलं. त्यांनी दांडी धरली म्हणून वाचले, नाहीतर तोंडावरच आपटले असते. आम्ही परत करून बघितलं. परत तेच. वीज गेली आणि जनरेटर आला की बाई हातभर सरकायच्या, आणि वर गोड आवाजात म्हणायच्या, “आपले स्वागत असो.”

हातभर म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण दवाखान्याची लिफ्ट ती. स्ट्रेचर अर्धं आत आणि अर्धं बाहेर असताना ती हातभर सरकली तर वरच्या माणसाचं काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

“ही काही अजून माणसांत जायच्या लायकीची नाही,” सर कपडे झटकत म्हणाले. ठरलं. गडहिंग्लजला जुनी, मुकी प्रत जाणार. बोलणं नंतर शिकवू.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर स्टेबलची चिठ्ठी बोलणाऱ्या प्रतीवर!

कुणी हलवली ते तिथं कळायची सोय नव्हती. चिठ्ठी लावायला ‘रिलीज’ नावाचं एकच सामाईक खातं होतं आणि त्याचा पासवर्ड दोघांपाशी, एक हेर्लेकर सर, दुसरा साहेब म्हणून सबनीस. मी सरांकडं मागितला होता एकदा. “अजून लहान आहेस,” म्हणाले होते. सर असं करणार नाहीत हे मी कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं. मग राहिला कोण? कटवडा.

“साहेब,” मी दात आवळून म्हटलं, “लिफ्ट बसवायला गेलेला मुल्ला आज गडहिंग्लजला हीच प्रत चढवणार. आज दुपारपासून जुन्या इमारतीतले पेशंट नव्या इमारतीत हलवतायत. वीज गेली तर?”

“जनरेटर आहे की त्यांच्याकडं. चांगला मोठा आहे. मी स्वतः बघितलाय.”

“जनरेटर आल्यावरच तर घोळ होतोय!”

“अगं, जनरेटर आल्यावर घोळ कसा होईल? जनरेटर घोळ होऊ नये म्हणूनच असतो.”

पालथ्या घड्यावर पाणी. मी आणखी दोनदा सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा मान डोलवली आणि शेवटी विचारलं, “म्हणजे आवाज बंद पडतो का?” मी दार आपटून बाहेर आले. उद्या उद्घाटन, ह्याला फेटा बांधून फोटोत उभं राहायचंय, आणि त्यापायी हा माणूस लोकांचे पाय मोडायला निघालाय, असं मी वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले.

हेर्लेकर सर कॅन्टीनच्या मागच्या बाकावर चहा पीत होते. मी सगळं भडाभडा ओकले. त्यांनी ऐकून घेतलं. कप दोन्ही हातांत धरून बसले होते.

“तू साहेबांशी बोललीस?” एवढंच विचारलं.

“बोलले. भिंतीशी बोलले असते तर भिंत बरी. सर, चिठ्ठी आत्ताच्या आत्ता जुन्या प्रतीवर घ्या. आणि सबनीसला ह्या वेळी सोडू नका. मालकांपर्यंत न्या.”

“अगं, साहेब आहेत ते.”

“कसले साहेब! टॅग आणि भाजीच्या पिशवीवरची किंमत, ह्यातला फरक तरी कळतो का त्याला?”

सर उठले. “बरं, मी बघतो. तू मात्र मुल्लाला फोन करू नकोस. दोघांनी दोन सांगितलं की तो गोंधळेल. मी बोलतो त्याच्याशी.”

मला हायसं वाटलं. सर बोलतो म्हणाले म्हणजे झालंच. इरफान मुल्ला आमचा जुना तंत्रज्ञ, आजऱ्याचा. हात सोन्याचा, पण स्वभाव अडेलतट्टू. सरांचा शब्द त्याला वेदवाक्य, आणि बाकीच्यांना तो हिंग लावून विचारत नसे.

मी जागेवर जाऊन बसले. जेवले. जेवण झाल्यावर सहज म्हणून बघितलं, तर चिठ्ठी अजून बोलणाऱ्या प्रतीवरच. सर विसरले की काय? मनोऱ्याकडं गेलेत म्हणून कोणीतरी सांगितलं. मला बसवेना. सरांनी नको म्हटलं होतं, तरी मी मुल्लाला फोन लावला.

“हां ताई, बोला. चढिवलं सगळं. फेऱ्या चालू झाल्या. आवाज लई ग्वाड हाय की! समदी बायामाणसं नुसती ऐकाय उभी राहिल्यात.”

“चढवलंत? कुठलं चढवलंत?”

“म्हंजे? स्टेबल.”

“अहो, सरांचा फोन नाही आला तुम्हाला?”

“आला की मघाशी. म्हणले, नवीन स्टेबल लावलंय, तेच चढव, बिनधास्त. मीच लावलंय म्हणले.”

“कोण म्हणाले? सबनीस?”

“काय ताई, चेष्टा करता व्हय? कटवड्याच्या सांगण्यावरनं मी कवा काय चढिवलंय? आपले हेर्लेकर सर!”

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मी खुर्चीवरून उठले ते फोन कानाला धरूनच.

“इरफानभाई, ऐका. लिफ्टचा मेन पाडा. लिफ्ट बंद करा. आत्ता.”

“आता? न्हाई बा. वरच्या मजल्यावर म्हातारी मान्सं न्यायला लागल्यात. हाड मोडलेली एक आजी स्ट्रेचरवर हाय, तिची पाळी आता. ट्रस्टची मान्सं डोक्यावर उभी हायत. कशापायी बंद करू?”

“वीज गेली तर ती सरकते! दार उघडं असताना सरकते!”

“ताई,” मुल्लाचा आवाज जरा थंड झाला, “सरांनी तपासल्याबिगर चिठ्ठी लावली आसंल व्हय? त्ये आत बसल्याबिगर लावतात का कवा? तुमी अजून नवीन हाय. सरांना सांगू द्या, मी ह्या घडीला बंद करतो.”

“थांबा. सरांनाच देते. फोन ठेवू नका.”

मी माइक बंद केला आणि पळत सुटले. गडहिंग्लजला वीज कधी जाईल याचा नेम तेव्हा गडहिंग्लजच्या वीजवाल्यांनाही नसायचा. मनोऱ्याच्या सावलीत सर एकटेच उभे होते, हात मागं बांधून वर बघत.

“सर, मुल्लाला तुम्ही सांगितलंत ती चढवायला?”

त्यांनी मागं बांधलेले हात सोडले.

“चिठ्ठी तुम्ही हलवलीत.”

“हळू बोल जरा.”

“काल तुम्ही स्वतः पडता पडता वाचलात, सर! स्वतः!”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे गं,” ते म्हणाले. आवाज अगदी समजुतीचा, मला एरवी शिकवताना असायचा तसाच. “उद्या उद्घाटन होऊन जाऊ दे. परवा मी जाऊन जुनी प्रत चढवून आलो असतो. कुणाला कळलंही नसतं. एका दिवसात काय वीज जाऊन जातेय?”

“गडहिंग्लजला?”

त्यांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली.

“पण का, सर?”

“घरी बसून काय करू मी, उत्तरा?” आता ते माझ्याकडं बघत नव्हते. “सकाळी डबा घेऊन निघायचं, एवढंच मला येतं. मुदतवाढ साहेबांच्या हातात आहे. त्यांनी विचारलं, बोलणारी लिफ्ट उद्घाटनाला होईल का? त्यांना नाही म्हणायचं आणि मग मुदतवाढ मागायला जायचं, असं होतं का कधी?”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. किळस आली. देव्हाऱ्यातला देव म्हणून ज्याच्यापुढं रोज हात जोडले तो आतून पोकळ निघावा, आणि त्याच्या पोकळीत झुरळ असावं, तसं झालं. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. “मुल्ला लाइनवर आहे. त्याला सांगा, बंद कर. तो माझं ऐकत नाही.”

“असं एकदम कसं सांगू? मघाशीच बिनधास्त चढव म्हटलंय त्याला. काय समजेल तो? आणि साहेबांना कळलं तर?”

“सर, एक आजी स्ट्रेचरवर दारात आहे!”

“काय चाललंय?” मागून सबनीस आला. माझा आरडाओरडा ऑफिसपर्यंत गेला असणार. “अख्ख्या कंपनीत मी लोकांचे पाय मोडतोय म्हणून तू सांगत फिरतेयस, ते काय आहे?”

मी त्याला परत सांगितलं. ह्या वेळी मनोऱ्यातली लिफ्ट समोरच होती. मी दाराच्या उंबऱ्यावर माझा पाय अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवला आणि लिफ्ट हातभर खाली जाते म्हणजे काय ते हातानं दाखवलं. त्याला कळलं. पहिल्यांदा त्याला काहीतरी कळताना मी बघत होते. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“सरकते? दार उघडं असताना?”

“सकाळपासून तेच सांगतेय!”

“मला वाटलं आवाजाचं काहीतरी आहे.” तो हेर्लेकर सरांकडं वळला. “पण सर, मी तुम्हाला विचारलं होतं ना? परत परत विचारलं होतं. म्हटलं होतं, मला ह्यातलं शष्प कळत नाही, तुम्ही सांगाल ते. होत नसेल तर सांगा, मी अध्यक्षांना सांगतो रंगकाम राहिलंय म्हणून. तुम्ही म्हणालात, साहेब, माझा शब्द आहे.”

सर मनोऱ्याच्या पायथ्याकडं बघत होते.

“इकडं दे,” सबनीसनं माझ्या हातातून फोन घेतला, माइक मी चालू करून दिला. “मुल्ला, मी सबनीस बोलतोय. लिफ्ट बंद कर. पेशंट आत घेऊ नको.”

फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला तिघांनाही ऐकू आलं. “साहेब, तुमाला त्यातलं काय कळतंय? सरांना द्या की.”

सबनीसनं ते ऐकून घेतलं. चिडला नाही. साहेबीचा तोरा कुठल्या कुठं गेला. त्यानं माइकवर अंगठा दाबला आणि दोन्ही हातांनी फोन सरांपुढं धरला, देवळात नैवेद्य धरतात तसा. “सर, बोला. तुमचंच ऐकेल तो. बोला लवकर.”

हेर्लेकर सरांनी फोनकडं बघितलं. मग सबनीसकडं. मग घसा साफ केला. मला वाटलं, आता बोलणार.

“साहेब,” ते म्हणाले, “मग ते माझ्या मुदतवाढीचं...”

मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली. खोटारडी, लोचट, कामचुकार, वरिष्ठांचे बूट चाटणारी, सगळ्या जातींची. पण त्या वाक्याइतकं हलकं काही मी अजून ऐकलेलं नाही. तिकडं म्हातारी दारात आडवी, आणि इकडं हा माणूस सौदा करतोय!

सबनीस ओरडला, “देतो! अहो देतो! आधी बोला!”

सरांनी फोन कानाला लावला. आणि तोच आवाज आला, मनोऱ्यावरच्या हुकमाचा, खणखणीत, कुठं म्हणून कंप नाही. “इरफान, मेन पाड. लिफ्ट बंद. पेशंट जिन्यानं घ्या.”

“जी सर.”

एक शब्द जास्त नाही, एक प्रश्न नाही. पलीकडं खटका पडल्याचा आवाज आला आणि मेहुणीबाई ‘दुसरा म’ एवढ्यावरच थांबल्या.

मग सर ऑफिसात गेले, ‘रिलीज’च्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि चिठ्ठी परत जुन्या प्रतीवर नेली. मी मागं उभी होते. पासवर्ड टाकताना त्यांनी सवयीनं हातानं कीबोर्ड झाकला. माझ्यापासून.

सबनीसनं ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन केला. शिव्या खाल्ल्या, पोटभर खाल्ल्या, आणि सरांचं नाव घेतलं नाही. “तयारी नसताना मीच कबूल केलं होतं,” असं म्हणाला. जुनी प्रत चढवून तिथं तपासून होईपर्यंत लिफ्ट बंदच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे हार घातलेल्या बंद लिफ्टसमोर फोटो काढून जिन्यानं वर गेले. सबनीसला फेटा मिळालाच नाही. हा माणूस मूर्ख होता याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. पण मूर्खाला निदान घाबरायची तरी अक्कल होती.

संध्याकाळी मी सामान आवरत होते तेव्हा मुल्लाचा फोन आला.

“ताई, लई वाचलो बगा. मेन पाडला, आजीला चौघांनी उचलून जिन्यानं नेलं, आणि ती वर पोचती न पोचती तवर लाइट गेली! जनरेटर धाडकन चालू. आजी दारातच असती ना त्या टायमाला...” वाक्य तिथंच सोडून तो म्हणाला, “सर म्हंजे देवमाणूस. तितनं बसून कळलं त्यास्नी.”

मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं: चिठ्ठी कोणी हलवली, का हलवली, फोन कानाला लावण्याआधी काय मागितलं. एक अक्षर वाढवलं नाही, एक गाळलं नाही.

मुल्लानं सगळं ऐकून घेतलं.

“ताई,” शेवटी मुल्ला म्हणाला, “तुमचा त्या कटवड्यावर राग हाय, आमचा बी हाय. पण सरांवर कशापायी? त्यास्नी जाताजाता असलं बोल लावू नये. तुमाला शिकिवलंय त्यांनी.”

आणि फोन ठेवला. मी राजीनामा लिहायला बसले.

उद्घाटन झाल्यावर मुल्ला परत आला तो गडहिंग्लजहून पेढ्यांचा मोठा पुडा घेऊनच. त्या आजीच्या मुलानं दिला होता, “तुमच्या सरांना द्या,” म्हणून. मुल्लानं सगळ्यांदेखत सरांच्या पायांना हात लावला. सरांनी त्याला उठवलं, पाठ थोपटली. टाळ्या झाल्या. सबनीसही वाजवत होता, खाली मान घालून. मुदतवाढीचं पत्र त्यानं सकाळीच सही करून दिलं होतं. दिला शब्द मोडायचा नसतो, असं त्या खुळ्याला वाटत होतं.

मग सर पुडा हातात घेऊन स्वतः टेबलाटेबलांवरून फिरले, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत. माझ्यापाशी आले. एक पेढा उचलून पुढं केला.

“घे,” म्हणाले. “झालं गेलं गंगेला मिळालं. गोड मानून घे.”

“तुम्हीच खा, सर,” मी म्हटलं. “तुम्हाला पचतं.”

आजूबाजूचे बघत होते. सर हसले, पेढा परत पुड्यात ठेवला आणि पुढच्या टेबलाकडं गेले. मी महिनाअखेर कंपनी सोडली. पुढची दोन वर्षं तिथल्या प्रत्येक लिफ्टचा स्टेबल त्यांनीच लावला.